तूट कुणाच्या खात्यावर?

भागीदारी मोडताना नुकसानीवरून भांडण क्वचितच होतं. कापडाचा भाव कधी पडला, उधारी कशी वाढली, माग किती जुने झाले, हे सगळ्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेलं असतं. तुझं तिसरं, माझं तिसरं म्हणून मंडळी मान डोलावतात. खरी गाठ पुढं बसते. एका भागीदाराच्या वाट्याचं नुकसान त्याच्या खात्यावर पडतं आणि तो हात वर करतो. मग त्याच्या वाट्याचं कुणी भरायचं? आणि कोणत्या प्रमाणात? सीए म्हणून काम करताना ज्या बैठकांत कपबशा आदळलेल्या मी पाहिल्या, त्या बहुतेक या दोन प्रश्नांवर.

इचलकरंजीतली एक कापडाची पेढी मी अशीच मोडून दिली. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तिघांना इथं नुसतं अण्णा, तात्या आणि बापू म्हणतो. आकडेही त्यासाठीच बदलून गोल केलेत, मुद्दा मात्र तोच. नफ्या-तोट्यात तिघांचे वाटे सारखे. अण्णा नदीकाठचे ऊसवाले शेतकरी, पैसा मुख्यतः त्यांचा. तात्यांनी उमेदीची वर्षं जॉबर म्हणून काढलेली. मागाचा आवाज ऐकून कुठला पुर्जा गेलाय ते सांगायचे. बापू हे अण्णांचे साडू. सूत आणायचं, ग्रे कापड विकायचं, पेमेंट गोळा करायचं, हे त्यांच्याकडं. भाड्याच्या पत्रा शेडमध्ये साधे माग, बँकेची सीसी, सूतवाल्यांची उधारी. अशा पेढ्या या गावात गल्लोगल्ली उभ्या राहिल्या आणि अलीकडं बऱ्याच बसल्याही.

धंदा बंद करायचं ठरलं त्या दिवशी पुस्तकात मालमत्ता ९८ लाखांची होती. बँकेचं देणं ३८ लाख. सूतवाले, सायझिंग आणि कामगारांची राहिलेली मजुरी मिळून १९ लाख. अण्णांनी भांडवलाखेरीज अडीनडीला पेढीला उसने दिलेले ५ लाख वेगळ्या खात्यावर. अण्णांचं भांडवल ३० लाख जमा, तात्यांचं १० लाख जमा. बापूंचं खातं मात्र ४ लाख नावे. नफा होवो न होवो, त्यांची उचल चालू होती आणि साडूला विचारायचं कुणी, म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

पुस्तकातले ९८ लाख बाजारात किती, हे मोडीत काढल्यावरच कळतं. माग ४६ लाखांना धरले होते. भंगारवाल्यानं मोटारी वेगळ्या काढल्या, बीड वेगळं, लोखंड वेगळं, लाकडाला भावच नाही म्हणाला. वजनकाट्यावर तात्या स्वतः उभे होते. रिकाम्या गाडीचं वजन घेताना ड्रायव्हर आणि क्लीनर केबिनमध्ये बसून होते आणि भरलेली गाडी काट्यावर चढली तेव्हा दोघंही खाली उतरून चहा पीत होते. तात्यांनी ते बरोबर पकडलं. गाडी रिकामी करायला लावून पुन्हा वजन घेतलं. दोन माणसांच्या वजनाइतकं बीड म्हणजे रक्कम काही मोठी नव्हती, पण त्या दिवशी त्यांना तेवढंच हातात धरता येण्यासारखं होतं. माग २१ लाखांना गेले. ३३ लाखांच्या येण्यांपैकी २६ आले. उरलेले व्यापारी कोण बुडालेले, कोण फोन न उचलणारे. सूत-कापडाचा १४ लाखांचा साठा ११ ला गेला. विजेचं डिपॉझिट आणि किरकोळ शिल्लक धरून ५ लाख पूर्ण मिळाले. एकूण ६३. हमाली, दलाली, वकिलाची फी यांत एक लाख गेला, हातात ६२ राहिले. वसुली खात्यावर नुकसान ३६ लाख, प्रत्येकाच्या वाट्याला १२.

पैसे एकदम येत नाहीत, तुकड्यातुकड्यानं येतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या वेळी कुणीतरी हात पुढं करतो. मागांचे पैसे तारणाचेच, ते थेट बँकेत गेले. येण्यांचे पहिले पैसे आल्यावर अण्णा म्हणाले, ‘‘माझे पाच लाख भांडवल न्हाईत, उसने हाईत. ते आधी मोकळे करा की.’’ उसने हे खरं, पण रांग ठरलेली असते. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ४८ मध्ये ती सरळ लिहिली आहे: आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारानं भांडवलापलीकडं दिलेली उसनवार, मग भांडवल, आणि काही उरलंच तर नफ्याच्या प्रमाणात वाटणी. सूतवाल्याचे पैसे थकलेले असताना भागीदाराचे उसने फेडले, तर उद्या तो सूतवाला पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदाराला जबाबदार धरणारं कलम २५ दाखवून तिघांपैकी ज्याच्याकडं जमीन आहे त्याच्याच दारात उभा राहणार. म्हणजे अण्णांच्याच. हे सांगितल्यावर ते थांबले. ६२ लाखांतले ५७ बाहेर गेले, उरलेले ५ अण्णांच्या उसनवारीत. पेटी रिकामी.

आता खाती बघा. अण्णांचे ३० जमा, त्यातून १२ वजा, १८ लाख येणं. तात्यांचे १० जमा, १२ वजा, म्हणजे २ लाख देणं. बापू आधीच ४ नावे, त्यात १२, एकूण १६ लाख देणं. तात्यांनी २ आणि बापूंनी १६ आणले की अण्णांचे १८ फिटतात. कागदावर इतकं सुबक जुळतं की मांडणाऱ्यालाच बरं वाटतं.

बापूंकडून आला एक लाख.

राहिलेले पंधरा लाख ही नुकसानी नव्हे. धंद्याचं नुकसान ३६ लाख होतं, ते तिघांत वाटून संपलं. हे पंधरा म्हणजे एका भागीदारानं पेढीला द्यायचे आणि न दिलेले पैसे. नुकसान वाटण्याचं प्रमाण भागीदारीपत्रात होतं, सारखं. पण बुडालेलं येणं वाटण्याचं प्रमाण? भागीदारीपत्र त्याबद्दल गप्प. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर कुणाचा तरी जुना मजकूर उतरवून घेतलेला, त्यात कामाची वेळ होती, बँकेत सही कुणाची ते होतं, अगदी देवाच्या वर्गणीचंही होतं. कुणी बुडाला तर काय, हे नव्हतं. सुरुवातीला हा प्रश्न काढणं अभद्र वाटतं, म्हणून कुणी काढत नाही. लग्नात कुणी काडीमोडाच्या अटी वाचतं का?

पत्र गप्प असलं की सगळे १९०४ सालाकडं बघतात. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तेही १९०४ सालीच, आणि त्याच सालच्या लंडनच्या निकालांच्या खंडात गार्नर विरुद्ध मरे हा खटला छापलेला आहे. गार्नर, मरे आणि विल्किन्स असे तीन भागीदार, नफा सारखा, भांडवल मात्र अगदी विषम. गार्नरचे अडीच हजार पौंड, मरेचे ३१४, आणि विल्किन्सचं खातं उलटं २६३ पौंड नावे. घेणेकऱ्यांची देणी फेडून ६३५ पौंडांचं नुकसान राहिलं आणि विल्किन्सकडून पैसुद्धा येण्यासारखी नव्हती. न्यायमूर्ती जॉइस यांनी ठरवलं ते असं: धंद्याचं नुकसान तिघांनी सारखं सोसायचं, पण विल्किन्सचं बुडालेलं देणं उरलेल्या दोघांच्या भांडवलाच्या प्रमाणात पडायचं. म्हणजे गार्नरवर जवळजवळ आठ हिस्से, मरेवर एक.

निकालाचं तर्कशास्त्र थोडं तिरकं आहे, पण ते समजल्याशिवाय भागीदारांना समजावता येत नाही. नुकसानीतला आपापला वाटा प्रत्येक सुस्थित भागीदारानं रोख आणायचा. तो आणला की त्याचं भांडवल पुन्हा पहिल्याइतकं होतं. मग जी काही रोकड जमली, ती भांडवलाच्या प्रमाणात परत वाटायची. रोकड भांडवलापेक्षा कमी पडते ती बुडालेल्या भागीदारापायी, आणि ती कमतरता आपोआप भांडवलाच्याच प्रमाणात सोसली जाते. प्रत्यक्षात बारा लाख घेऊन कुणी येत नाही. वहीत ते येतात आणि वहीतच परत जातात. तरी ती नोंद हवी. ती गाळली तर तात्यांचं खातं २ लाख नावे दिसतं, भांडवलच नाही असं दिसतं, आणि मग सगळे पंधरा लाख एकट्या अण्णांच्या डोक्यावर बसतात.

बैठकीत मी एका कागदावर दोन रकाने पाडले. पहिल्यात पंधरा लाख सारखे वाटले: अण्णांवर साडेसात, तात्यांवर साडेसात. मग अण्णांना हातात साडेदहा मिळतात आणि तात्यांना घरातून साडेनऊ आणावे लागतात. दुसऱ्यात ३ ला १: अण्णांवर सव्वाअकरा, तात्यांवर पावणेचार. मग अण्णांना पावणेसात मिळतात आणि तात्यांना पावणेसहा आणावे लागतात. दोन रकान्यांत फरक पावणेचार लाखांचा. तात्यांनी चष्मा लावून दुसरा रकाना बराच वेळ वाचला आणि कागद अण्णांकडं सरकवला.

अण्णांचा सवाल सरळ होता. ‘‘साहेब, नफा आला तवा तिघांत सारखा वाटला. मी तीस घातले म्हणून मला जास्त दिला काय? मग बुडाल्यावर मीच का जास्त द्यायचं?’’ त्यांचा पुतण्या वाणिज्य शाखेचा. तो म्हणाला, बारावीला आम्ही अशी गणितं नफ्याच्या प्रमाणातच सोडवायचो. त्यांचे वकील कलम ४८ च्या पहिल्या भागावर बोट ठेवून होते: भांडवलातल्या तुटीसह सगळं नुकसान शेवटी भागीदारांनी नफ्याच्या प्रमाणात भरून द्यायचं, असंच तिथं लिहिलंय की नाही? लिहिलंय. पण हे कलम १८९० च्या इंग्रजी कायद्याच्या कलम ४४ वरून जवळजवळ जसंच्या तसं उचललेलं आहे, आणि जॉइस यांनी नेमकं तेच कलम वाचून हा अर्थ काढला होता. प्रत्येकानं आपल्या वाट्याचं भरायचं, दुसऱ्याच्या वाट्याचं भरायला कायदा कुणाला बांधत नाही. आपल्याकडं पत्र गप्प असताना सीए-वकील मंडळी हाच अर्थ धरून चालतात.

मला स्वतःला विचाराल तर, ज्यानं जास्त पैसा घातला त्यालाच जास्त फटका हे ऐकायला वाईट लागतं. पण इचलकरंजीसारख्या गावात एक जण पैसा आणतो आणि दुसरा हात. हातवाल्याचं भांडवल नेहमीच किरकोळ असतं. बुडालेल्याचं देणं सारखं वाटायचं म्हटलं तर दहा लाखवाल्याचं घर विकायची पाळी येते, आणि तीस लाखवाल्याचं मात्र भांडवलच तेवढं कमी होतं. या न्यायानं मला गार्नर-मरे इतका अन्यायाचा वाटत नाही. अण्णांपुढं मात्र हे बोललो नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब मांडणाऱ्यानं मत पदरात ठेवावं.

एवढ्यात तात्यांनी नको तो विषय काढला. ‘‘माणूस कुणी आणलावता? तुमचा साडू, तुमी वसूल करा.’’ खोलीत कुणीच काही बोललं नाही. माणूस कुणाच्या ओळखीनं आला याचा रकाना कुठल्याच वहीत नसतो. बापूही तिथंच बसलेले होते, हे लिहायलाच हवं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत.

पुढचं भांडण मला सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत रंजक वाटलं. अण्णांचे तीस लाख म्हणजे मुळातले वीस. बाकीचे दहा म्हणजे भांडवलावरचं व्याज. ते दरवर्षी खात्यावर जमा व्हायचं आणि त्यांनी कधी उचललंच नव्हतं. तात्या आपलं व्याज घरखर्चाला नेत होते, म्हणून त्यांचे दहाचे दहाच राहिले. पुतण्यानं हुशारीनं मुद्दा काढला: व्याज भांडवल कसं? ते वेगळं धरा, प्रमाण २० ला १०. म्हणजे ३ ला १ नव्हे, २ ला १. अण्णांवरची तूट सव्वाअकरावरून दहावर येते.

मुद्दा पोकळ नव्हता. भांडवल स्थिर ठेवायचं असं पत्रात असतं आणि व्याज, नफा, उचल यांसाठी वेगळी चालू खाती असती, तर तुटीचं प्रमाण मूळ वीस-दहाच राहिलं असतं. पण पुस्तकात प्रत्येकाचं एकच खातं होतं आणि त्यातच सगळं जमा-नावे व्हायचं. असं बदलतं भांडवल असलं की विसर्जनाच्या दिवशी, वसुलीचं नुकसान टाकण्याआधी, खात्यावर जे उभं असेल ते भांडवल. ज्यानं धंद्याची अडचण ओळखून व्याजाला हात लावला नाही, त्याचाच वाटा त्यामुळं वाढला. अण्णांना हे सांगताना मला बरं वाटत नव्हतं. उलट उसने म्हणून वेगळ्या खात्यावर ठेवलेले पाच लाख पैसा न् पैसा परत आले. पैसे त्याच खिशातले, पण कोणत्या खात्यावर पडले त्यावर त्यांचं नशीब ठरलं. तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक नव्या पेढीला मी दोन खाती उघडायलाच लावतो.

बापू नादार आहेत हे तरी कुणी ठरवायचं? पाठ्यपुस्तकातल्या गणितात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी पुढं जातो. प्रत्यक्षात त्यासाठी जिल्हा न्यायालयात जावं लागतं. मुंबईबाहेर आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांचा भाग लागू झालाय तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. त्या जुन्या कायद्यात ऋणकोनं स्वतः अर्ज करायला कर्जाची किमान मर्यादा आहे पाचशे रुपये. शंभर वर्षांत ती कुणी हलवलेली नाही. आज सुताच्या एका कोनाच्या उधारीलाही ती जवळ येईल. बापूंनी अर्ज केला असता तर आदेश राजपत्रात छापून आला असता. घरात मुलीचं लग्न ठरायचं होतं. त्यांनी अर्ज केला नाही आणि अण्णांनीही करू दिला नाही.

म्हणून मग मी बापूंकडून प्रतिज्ञापत्र मागितलं: काय आहे, कुणाचं किती देणं आहे, घर कुणाच्या नावावर, सोनं कुठं गहाण. घर पतसंस्थेकडं तारण होतं, विकून तिचंच कसंबसं फिटलं. सोनं आधीच गेलेलं. हातउसने देणारे पाच-सहा जण. तात्या म्हणाले, पेढीचे पैसे आधी द्या, बाकीच्यांचं नंतर बघू. कलम ४९ याच्या उलट सांगतं. पेढीच्या मालमत्तेवर आधी पेढीची देणी, भागीदाराच्या खासगी मालमत्तेवर आधी त्याची खासगी देणी, आणि उरलं तर पेढीकडं. ती सगळी देणी भागवून उरला तो एक लाख.

तात्यांच्या बाजूनं कोर्टाची भाषाही झाली. पेढी नोंदणीकृत नव्हती, म्हणून अण्णांच्या वकिलांना वाटलं, दावा टिकणारच नाही. महाराष्ट्रात एके काळी ते बरोबर होतं. १९८४ च्या राज्य दुरुस्तीनं नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदाराला विसर्जनाचा किंवा हिशेबाचा दावासुद्धा करायला बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरवली. म्हणजे दावा करता आला असता. किती वर्षं चालला असता ते दोघांनाही न सांगता कळलं.

शेवटी विसर्जनपत्र झालं, प्रमाण ३ ला १. तात्यांनी दोन लाख लगेच दिले, पावणेचारचे पुढच्या तारखांचे चेक. अण्णांनी सही करताना एक अट घातली, आणि ती मला आवडली: बापूंनी पुढं कधी काही भरलं, तर तेही ३ ला १ नंच वाटायचं, आणि बापूंचं देणं माफ केलं असं कुठंही लिहायचं नाही. ‘‘माफ केलं असं लिवलं की त्यो माझ्या घरला येनार न्हाई,’’ असं ते म्हणाले. जीएसटी नंबर रद्द करणं, शेवटचं विवरणपत्र, बँकेचा ना-देय दाखला, हे नेहमीप्रमाणं रखडत रखडत झालं.

तात्या नंतर पुन्हा उभे राहिले. आपल्या पुतण्याबरोबर, खर्चीवर, म्हणजे मजुरीवर, माग चालवायला. भागीदारीपत्र करायला दोघं माझ्याकडं आले. भांडवल तात्यांचं बारा लाख, पुतण्याचं तीन, नफा निम्मा-निम्मा. नमुन्यातलं कलम मी वाचून दाखवलं आणि विचारलं, कुणी नादार झाला तर त्याची तूट भांडवलाच्या प्रमाणात की नफ्याच्या? भागीदार दोघंच असताना एकाची तूट दुसऱ्यावरच पडणार, म्हणून आज ती अट कोरडीच होती, पण पुढं तिसरा भागीदार घ्यायचं त्यांच्या मनात होतं.

‘‘नफ्याच्या,’’ तात्या तत्काळ म्हणाले. ‘‘सारखी.’’

पुतण्या हसला. ‘‘काका, अण्णांच्या टायमाला तुमी उलटं म्हनत हुता.’’

‘‘तवा माझं धाच हुतं,’’ तात्या म्हणाले आणि पेन मागितलं.